टाच टेकली का?

माझी नात ११ ऑगस्ट २०१९ रोजी जन्मली. डॉक्टरांनी दिलेली तारीख होती २७ ऑक्टोबर, म्हणजे त्या वर्षीचे लक्ष्मीपूजन. एकोणतीस आठवडे पुरे होता होता माझ्या मुलीचा रक्तदाब चढत गेला, औषधांना दाद देईना आणि सिझेरियन करावे लागले. बाळाचे वजन भरले ११४० ग्रॅम. मी चौतीस वर्षे ठाण्यातल्या प्राथमिक शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग घेतले असल्यामुळे मुले कशी वाढतात हे आपल्याला पुरेसे कळते, असा माझा समज होता; तो पुढच्या सहा महिन्यांत उतरला. येथे लिहिते आहे ते मुख्यतः तिच्या हालचालींविषयी, म्हणजे मान धरण्यापासून चालण्यापर्यंत आणि पुढे पेन्सिल धरण्यापर्यंत जे घडले त्याविषयी. श्वासाचे, दुधाचे आणि जंतुसंसर्गाच्या धास्तीचे दिवसही होते, परंतु ते सांगू लागले तर ते वेगळेच लिखाण होईल.

एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ती ४९ दिवस होती. बाळाला काचेत ठेवले आहे असे आपण म्हणतो, ती काच मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा आत बाळापेक्षा कापडच जास्त दिसले. सिस्टरांनी सुती कापडाच्या गुंडाळ्या करून तिच्याभोवती घरट्यासारखी कड केली होती आणि तिचे हातपाय त्या कडेला टेकवून मुडपून ठेवले होते. ऊब राहावी म्हणून हे करतात असे मला वाटले. सिस्टर म्हणाल्या, ‘‘नाही आजी, हे पोश्चरसाठी आहे.’’ गर्भाशयात शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत बाळाला जागा अपुरी पडते, आणि त्या दाटीमुळेच पूर्ण दिवसांचे बाळ मुटकुळे करून जन्माला येते. गुडघे पोटाशी, हात छातीशी, ही घडी त्याला आयती मिळते. लवकर आलेल्या बाळाला ती दाटी मिळालेली नसते. स्नायू मऊ असतात, वर गुरुत्वाकर्षण त्याला गादीवर सपाट दाबते, आणि पाय बेडकासारखे बाहेर पडतात, खांदे मागे ओढले जातात. तसेच आठवडेच्या आठवडे पडून राहिले तर पुढे हात मध्यावर आणणे, तोंडात बोटे घालणे, कुशीवर वळणे हे सगळेच त्याला जड जाते. चालण्याची तयारी अशी वजन दीड किलोही नसताना सुरू होते, हे मला साठी उलटल्यावर कळले.

तिसऱ्या आठवड्यापासून कांगारू केअर सुरू झाले. आई, मग वडील आणि एकदा मीसुद्धा, उघड्या छातीवर तिला उभी धरून, वरून पदराने बांधून दीड-दोन तास बसत असू. ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात इन्क्युबेटर कमी पडले म्हणून सुरू झाली, असे एनआयसीयूतल्या डॉक्टरांनी सांगितले. आमच्या पणज्यांनी ती नाव न देता केलीच असणार, असे मी मनात म्हटले. बोलले मात्र नाही.

पहिल्या आठवड्यात टाळूवरून केलेल्या सोनोग्राफीत मेंदूत अगदी थोडा रक्तस्राव दिसला होता. तो सर्वांत सौम्य प्रकारचा होता आणि घरी सोडण्याआधीच्या तपासणीत त्याची खूणही उरली नव्हती, तरी डॉक्टरांनी आम्हाला बसवून एक चित्र काढून दाखवले. मेंदूच्या मध्याशी पाण्याच्या पोकळ्या असतात. मेंदूकडून स्नायूंकडे आज्ञा नेणारे तंतू त्यांच्या कडेने खाली उतरतात, आणि त्यांतले पायांचे तंतू पोकळीच्या सर्वांत जवळून जातात. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळांत नेमका हाच भाग नाजूक असतो, म्हणून अशा मुलांत अडचण आलीच तर ती बहुधा हातांपेक्षा पायांत आधी दिसते. ‘‘अडचण येईलच असे नाही, पण पाहत राहायचे,’’ असे म्हणून त्यांनी डोळ्यांच्या पडद्याची, कानांची आणि हालचालींची अशा तीन वेगवेगळ्या तपासण्यांच्या तारखा फाईलवर लिहून दिल्या. घटस्थापनेच्या दिवशी, २९ सप्टेंबरला, ती १८८० ग्रॅमची होऊन घरी आली.

घरी आल्यावर पहिला गोंधळ वयाचा झाला. अशा मुलांचे वय दोन प्रकारे मोजतात. एक जन्मतारखेपासूनचे आणि दुसरे अपेक्षित तारखेपासूनचे, ज्याला डॉक्टर करेक्टेड एज म्हणतात. वाढीचे टप्पे साधारण दोन वर्षांपर्यंत या दुसऱ्या वयाने पाहायचे असतात. आमच्या बाबतीत दोहोंत अकरा आठवड्यांचे अंतर. मी कालनिर्णयावर पेन्सिलीने दोन्ही वये लिहू लागले, परंतु जिन्यात भेटणाऱ्या शेजारणी ११ ऑगस्टपासूनच मोजत आणि ‘‘पाच महिन्यांची झाली ना, मान नाही धरत?’’ असे विचारत. दर वेळी गणित समजावण्याचा मला कंटाळा येई, आणि एकदा तर मी तिचे वय सरळ तीन महिने कमी करून सांगितले. बाई म्हणाल्या, ‘‘अय्या, मग अंगाने चांगलीच आहे की!’’ त्या दिवशी मला फार बरे वाटले, हे कबूल करते.

मालिश मी स्वतः करत असे. डॉक्टरांनी ती बंद केली नाही. हलक्या हाताने तेल लावा, पण पाय धरून ओढणे, उलटे लोंबकळवणे, सांधे मोडल्यासारखे काढणे हे काही नको, एवढेच बजावले. आमच्याकडे पूर्वी येणाऱ्या मालिशवाल्या बाई हे सगळे करत आणि माझ्या दोन्ही मुलांनी ते सोसले आहे, त्यामुळे मला ते सोडायला थोडे दिवस लागले.

जानेवारी २०२०च्या अखेरीस, करेक्टेड वयाच्या तिसऱ्या महिन्यात, एक विचित्र तपासणी झाली. बाळ जागे आणि खुशीत असताना, अंगावर फक्त लंगोट ठेवून, खेळणे न दाखवता आणि कोणीही न बोलता, तिचा उताणा पडलेला तीन मिनिटांचा व्हिडिओ काढून पाठवायचा होता. मला ते थोतांड वाटले. डॉक्टर मात्र तो व्हिडिओ परत परत पाहत होत्या. या वयात बाळाच्या मान, मनगटे, घोटे आणि बोटे यांत सतत लहान लहान, नाजूक, सगळ्या दिशांनी जाणाऱ्या हालचाली चालू असतात. त्या दिसल्या तर सेरेब्रल पाल्सीची, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींत राहणाऱ्या कायमच्या दोषाची, शक्यता बरीच कमी होते आणि अजिबात नसल्या तर काळजीचे कारण असते. आमच्या व्हिडिओत त्या होत्या. मी घरी येऊन तोच व्हिडिओ दहा वेळा पाहिला आणि मग मलाही त्या दिसू लागल्या. उकळी फुटण्याआधी पातेल्याच्या तळाशी जसे बारीक बुडबुडे हलत असतात, तशा काहीशा.

आणि मग माझ्या हातून चूक झाली. फेब्रुवारीत तिला मांडीवर उभी धरली की ती दोन्ही पाय असे ताठ रोवी की माझ्या मांडीत टाचा... नव्हे, बोटे रुतत. टाचा नव्हे, बोटे, हे तेव्हा माझ्या लक्षातच आले नाही. मी कौतुकाने सर्वांना दाखवू लागले. लवकर जन्मलेली पोर चार महिन्यांची व्हायच्या आत उभी राहते म्हणजे काय! दिवसातून पंधरा-वीस वेळा हा खेळ होई. त्याच सुमारास ती एकदा डोके मागे टाकून, कमानीसारखी ताणली जाऊन, ओंडका उलटावा तशी धाडकन पालथी झाली. आमच्या घरात मूल पालथे पडले की करंज्या करतात. मी त्याच दिवशी केल्या आणि मजल्यावर सगळ्यांना वाटल्या. मुलीला मात्र काहीतरी खटकत होते. लंगोट बदलताना पाय उघडत नाहीत, असे ती म्हणे. जवळच्या एका डॉक्टरांना तिने ते सांगितलेही, पण त्यांनी न तपासता ‘‘प्रीमॅच्युअर मुले सगळे उशिराच करतात, वर्षभर थांबा,’’ असे सांगून वाटेला लावले. मीही तिलाच समजावले, की पाय घट्ट आहेत म्हणजे ताकदीचे आहेत.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात घोडबंदर रस्त्यावरच्या केंद्रात विकासतज्ज्ञ डॉक्टरांकडे तारीख होती. मेट्रोच्या खोदकामामुळे रिक्षाला तासभर लागला. डॉक्टरांनी तिला उताणी ठेवून, पुस्तक उघडावे तशा तिच्या मांड्या हळूच बाजूंना उघडल्या आणि कोन मोजला. चौथ्या ते सहाव्या महिन्यात हा कोन साधारण ७० ते ११० अंशांचा असावा लागतो. तिचा ६० होता. गुडघ्यामागचा कोनही कमी भरला. मग मान, पाठ, हात, प्रतिक्षिप्त क्रिया असे २६ मुद्दे तपासून ७८ पैकी ६१ गुण दिले. मी मास्तरीणच असल्याने टक्के काढले आणि मला ते बरे वाटले. डॉक्टरांना वाटले नाहीत. त्यानंतर फिजिओथेरपिस्ट मॅडमनी तिला उभी धरायला सांगितले. मी मोठ्या अभिमानाने धरली. त्यांनी तिच्या पायाखाली कागद सरकवला तो टाचेखालून आरपार गेला.

‘‘आजी, ही ताकद नाही, ताठरपणा आहे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ताकद असती तर ती गुडघे वाकवूनही उभी राहिली असती.’’

हे वाक्य मी विसरलेले नाही. त्यांनी समजावले ते असे, की मुदतीपूर्वी जन्मलेल्या अनेक बाळांत पहिल्या वर्षात पाठ आणि पाय ताणणारे स्नायू जास्त जोर करतात, तर मान, पोट आणि कंबर यांचे स्नायू मऊ राहतात. बहुतेकांत हा ताण वर्षाच्या सुमारास ओसरतो. पण आपण त्याला रोज उभे करून, त्याच्या कमान टाकण्याचे कौतुक करून तोच जोर वाढवला, तर मूल त्याच सवयीवर पुढचे सगळे रचते. तिचे पालथे पडणेही त्यांनी मोजले नाही. कंबर आधी वळते, मग खांदा, मध्ये पोटाचे स्नायू काम करतात, त्याला वळणे म्हणायचे. डोके मागे टाकून पडणे म्हणजे तोल जाणे. मी करंज्यांचे सांगितले नाही. मुलीने सांगितले.

तीन आठवडे आम्ही तेथे गेलो आणि मार्चमध्ये टाळेबंदी लागली. मॅडम फोनवर व्हिडिओतून शिकवू लागल्या. त्या तिकडे एका बाहुलीला वळवत आणि मी इकडे नातीला. फोन जमिनीलगत ठेवावा लागे, म्हणून तो पोळपाटाला टेकवून ठेवत असू, आणि त्या वर्षी आमचा पोळपाट स्वयंपाकघरात कमी आणि सतरंजीवर जास्त असे. मुलगी घरूनच ऐरोलीच्या ऑफिसचे काम करी, जावयांची नोकरी अत्यावश्यक सेवेतली, त्यामुळे व्यायामाचे दिवसाचे पाचही पाठ माझ्याकडे आले.

व्यायाम असे काही दिसायला नव्हतेच. पलंगावर नव्हे, जमिनीवर ठेवायचे. छातीखाली पंचाची गुंडाळी देऊन पालथे घालायचे, सुरुवातीला दोन-दोन मिनिटे, रडायच्या आत उचलायचे. ती मान वर करेना, तेव्हा मी घासून लख्ख केलेले स्टीलचे ताट भिंतीला टेकवून तिच्यासमोर ठेवले. त्यात हलणारे तोंड पाहायला तिने मान उचलली आणि कोपरांवर भार घेतला. कुशीवर निजवून पाठीशी उशी लावायची, म्हणजे दोन्ही हात आपोआप समोर एकत्र येतात. उताणी असताना बूड किंचित उचलून गुडघे पोटाकडे आणायचे, जेणेकरून तिला स्वतःची पावले दिसतील, हाताला लागतील. उचलायचे तेही सरळ वर नाही, तर आधी कुशीवर वळवून. कडेवर घ्यायचे तर पाय माझ्या कमरेच्या दोन्ही बाजूंना उघडे पडतील असे. खरे सांगायचे तर वेगळ्या वेळच्या व्यायामापेक्षा या उचलण्या-ठेवण्याचाच परिणाम अधिक झाला असे माझे मत आहे, कारण ते दिवसातून पन्नास वेळा होते. आणि उभे करणे पूर्ण बंद. माझे हात शिवशिवत, पण बंद.

जूनमध्ये ती खऱ्या अर्थाने वळली. आधी एक गुडघा ओलांडून गेला, मग कंबर, क्षणभर ती कुशीवरच थांबली, जणू पुढे जावे की नाही याचा विचार करते आहे, आणि मग खांदा आला. खोबरे मिळत नव्हते, डाळीच्या पुरणाच्या करंज्या केल्या. जुलैअखेर, करेक्टेड नऊ महिन्यांना, ती आधाराशिवाय बसली. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांच्या निरीक्षणातून २००६ साली जे टप्पे प्रसिद्ध केले, त्यांत आधाराशिवाय बसण्याची मुदत ३.८ ते ९.२ महिने आणि एकट्याने चालण्याची ८.२ ते १७.६ महिने अशी आहे. एवढी रुंद पट्टी असते हे मला माहीत असते, तर जिन्यातल्या प्रश्नांचा मी इतका त्रास करून घेतला नसता.

रांगण्याआधी ती दोन महिने सैनिकासारखी कोपरांवर सरपटत होती आणि पाय मागून शेपटीसारखे ओढले जात. काही मुले रांगतच नाहीत आणि तरी नीट चालतात, हे मॅडमना मान्य होते. आमच्या नातीने मात्र रांगावे असा त्यांचा आग्रह होता, कारण रांगताना कंबर आणि गुडघा वाकलेले राहतात, दोन्ही पाय आळीपाळीने चालतात, आणि तळवे जमिनीवर उघडतात. मी माझी मांडी आडवी टाकून तिला त्यावरून चढायला लावत असे. दिवाळीच्या आधी ती हात-गुडघ्यांवर आली.

तेवढ्यात नात्यातल्या एकांनी गोल, चाकांचा वॉकर भेट पाठवला. मॅडमनी तो उघडूसुद्धा दिला नाही. त्यात मूल लोंबकळते आणि बोटांनी जमीन ढकलते, म्हणजे आम्ही आठ महिने जे मोडत होतो तेच पक्के झाले असते. अपघातांमुळे कॅनडाने तर २००४ सालापासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. मी भीतभीत पांगुळगाड्याचे विचारले. माळ्यावर माझ्या मुलीचा लाकडी, तीन चाकांचा पांगुळगाडा होता. त्यांनी तो फोनवर सगळ्या बाजूंनी दाखवायला लावला आणि परवानगी दिली. येथे मूल बाहेर, स्वतःच्या पायांवर असते. अट एकच, गाडा पुढे पळता कामा नये. मी त्याच्या दांड्याला खाली तूरडाळीच्या दोन पिशव्या बांधल्या. त्या वजनामुळे तिला रेटा द्यावा लागे, आणि रेटा द्यायचा तर टाच टेकावीच लागे. १४ मार्च २०२१ रोजी, करेक्टेड साडेसोळा महिन्यांना, ती गाडा सोडून खिडकीपर्यंत पाच पावले चालली. मी पावले मोजली नाहीत. मी टाचाच पाहत होते.

येथे सगळे संपले असे आम्हाला वाटले होते, तसे झाले नाही. तिसऱ्या वर्षी, धावताना आणि दमल्यावर, डावी टाच पुन्हा उचलू लागली. ताठरपणा गेला होता, पोटरी मात्र आखडलेली होती. शिवाय ती दोन्ही पाय मागे बाहेर फाकवून, मध्ये बूड टेकून बसे. त्याने कंबरेला काही काम राहत नाही, म्हणून तिला मांडी घालून बसायला लावणे हा एक कार्यक्रमच झाला. पोटरीसाठी मॅडमनी उकिडवे बसवायला सांगितले, टाचा टेकवून. आमच्या सोसायटीच्या कुंपणाशी प्राजक्त आहे. पावसाळाभर सकाळी आम्ही दोघी खाली जाऊन उकिडव्या बसून फुले वेचत असू. ती टाच उचले तेव्हा मी तिच्या टाचेखाली एक फूल ठेवी आणि ते चुरगळले की शाबासकी देई. देवाला वाहायच्या फुलाचे असे करावे का, हा प्रश्न मला पडला होता. देवाची फुले आम्ही वेगळी ठेवत असू.

जून २०२५ मध्ये ती पहिलीत गेली. शाळेत करेक्टेड एज चालत नाही. तिला वाचता येते, पाढे येतात, पण एक ओळ लिहिली की हात दुखतो म्हणते, कात्री उलटी धरते आणि फ्रॉकचे बटण लावायला तिला माझ्या चहाइतका वेळ लागतो. लवकर जन्मलेल्या मुलांत हालचालींच्या समन्वयाची अशी अडचण अधिक आढळते, आणि तिचे निदान सहसा पाच वर्षांच्या आत करत नाहीत, म्हणून सेरेब्रल पाल्सी नाही हे कळल्यावरही तपासण्या का सोडायच्या नसतात ते मला आता उमगले. चेंडू झेलणे, खुंट्या बसवणे, एका पायावर तोल सांभाळणे अशी परीक्षा झाली. तोलात ती मागे पडली, हातांत काठावर. शिक्षिका म्हणून मला लाज वाटावी अशी एक गोष्ट यात आहे. अक्षर वाईट म्हणून मी किती मुलांना दहा-दहा वेळा पान लिहायला लावले असेल! त्यांतली कोणती लवकर जन्मलेली होती, हे मी कधी विचारलेच नाही.

आता मी तिला वहीऐवजी पाटी देते. पेन्सिल पाटीवर खरखरते, हाताला ती किती दाबली हे कळते. पाटी भिंतीला उंच टांगली आहे, म्हणजे मनगट मागे वाकते आणि खांदा काम करतो. मळलेली कणीक, कपड्यांचे चिमटे, मटार सोलणे, हे सगळे अभ्यासात धरले जाते. संध्याकाळी गच्चीवर लंगडी. उजव्या पायावर ती नऊ उड्या मारते, डाव्यावर तीन, आणि चौथीला माझा हात धरते.

काल ती पाटीसमोर उभी राहून ‘ळ’ काढत होती. मी स्वयंपाकघरातून नेहमीप्रमाणे विचारले, ‘‘टाच टेकली का?’’

‘‘उजवी टेकली,’’ ती म्हणाली. मग थोडा वेळ काहीच आवाज नाही. ‘‘थांब, डावीला सांगते.’’